रेडिओच्या खोलीतले भाऊजी

आमच्या भाऊजींना कोणाला नाही म्हणता येत नाही, असं बाहेरचे लोक कौतुकाने सांगतात. मला ते दिवसातून दहा वेळा नाही म्हणतात. स्वेटर धुवायला टाका, नाही. शिडीवर चढू नका, नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी स्वस्थ बसा, दुसऱ्यांच्या मुलांपुढे आठवडाभर घसा कोरडा करू नका, हे तर मी कित्येक वर्षं सांगते आहे.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. वय एकाहत्तर. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं मेकॅनिक होते, लग्न केलं नाही, आमच्याच घरी वरच्या खोलीत राहतात. बाविसाव्या वर्षी त्यांनी हौशी रेडिओचं लायसन्स काढलं. म्हणजे घरात स्वतःचं यंत्र बसवायचं, गच्चीवर तार ताणायची, आणि जगात कुठेतरी अशीच तार ताणून बसलेला जो कोणी असेल त्याच्याशी बोलायचं. काय बोलायचं? तुमचा आवाज मला छान येतो आहे, माझा तुम्हाला कसा येतो? तोही सांगतो, छान येतो. मग दोघं आपापल्याकडचं हवामान सांगतात आणि बोलणं संपतं. माझे यजमान त्यांना म्हणायचे, "एवढंच विचारायचं असेल तर मला विचार. मी शेजारच्या खोलीतून सांगतो."

यजमान गेले त्याला सहा वर्षं झाली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात भाऊजी एका सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, तुमचं अक्षर चांगलं आहे. शिबिरात लॉग लिहायला माणूस हवाय." मला वाटलं, मी घरात एकटी बसू नये म्हणून युक्ती काढली. पहिल्याच दिवशी कळलं की युक्ती वगैरे काही नव्हती. त्यांचं स्वतःचं अक्षर त्यांना वाचता येत नाही, एवढीच गोष्ट होती.

लॉग म्हणजे रेडिओची डायरी. कोणत्या वेळी कोणाला हाक मारली, कोणी उत्तर दिलं, कोणता स्विच कधी फिरवला, सगळं तासामिनिटांसह लिहायचं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथल्या सिस्टर तारीख न घातलेलं पान वाचतसुद्धा नसत, सरळ परत करत. चौदाव्या वर्षापासून मी रोज डायरी लिहिते. तेव्हा हे काम मला जड नव्हतं. जड होते ते भाऊजी.

शिबिर सुट्टीत बंद असलेल्या एका शाळेत भरतं. पोहणं, मातीकाम, जादूचे प्रयोग आणि रेडिओ यांतलं एक मुलांनी निवडायचं. पोहण्याच्या यादीत ज्यांचं नाव लागत नाही ती मुलं आमच्याकडे येतात. या वर्षी नऊ आली. आमची खोली म्हणजे खेळाचं सामान ठेवण्याची जुनी कोठी. खिडकी एक, पंखा एक, आणि जुन्या चामडी चेंडूंचा वास, तो मात्र भरपूर.

भाऊजींची शिकवण्याची पद्धत अशी की मुलांनी पळूनच जावं. पहिल्या दिवशी यंत्राला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी हात लावायचा, पण बोलायचं ते डब्यात. हा डबा त्यांनी रंगाच्या जुन्या डब्यात तेल भरून स्वतः बनवलेला आहे. यंत्राची वायर गच्चीवरच्या तारेऐवजी या डब्याला जोडली की बोललेलं सगळं आत जिरतं, तेल थोडं कोमट होतं आणि बाहेर कोणालाही काही ऐकू जात नाही. सराव करताना मुलं अडखळली तर जगापुढे शोभा नको, म्हणून हा डबा. यंत्रामागे एक स्विच आहे. एका बाजूला 'हवा' आणि दुसऱ्या बाजूला 'डबा' अशा चिठ्ठ्या मीच लिहून चिकटवल्या आहेत. प्रत्येक मुलाने डब्यात वीस वेळा न चुकता बोलायचं, मग स्विच हवेवर.

"पण आजोबा, कोणाला ऐकूच जाणार नाही तर बोलायचं कशाला?" एकाने विचारलं.

"तू आरशापुढे भांग पाडतोस ना? आरसा बघतो का तुझा भांग?"

पोराने केसांवरून हात फिरवला. पटलं नव्हतं. मलाही नव्हतं.

मुलं त्यांना खरखर आजोबा म्हणतात. रेडिओ लावला की कोणी बोलत नसतानाही जी बारीक खरखर येत राहते, तिच्यावर भाऊजींचं एक अख्खं व्याख्यान आहे. ती खरखर किती आहे हे काट्यावर बघून दर तासाला लॉगमध्ये लिहायचं, हा त्यांचा स्वतःचा नियम. दुसरं कोणी लिहीत असेल असं मला वाटत नाही.

सोमवारी शिबिराच्या बाई खोलीत आल्या. या एरवी शाळेत खेळ शिकवतात. गळ्यात शिट्टी, हातात कायम एक यादी.

"काका, स्पष्टच बोलते," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी अख्ख्या आठवड्यात दोनदा बोलणं झालं. पालक मला विचारतात, मुलं करतात काय तिथे? शनिवारी पालक येतील. त्यांच्यासमोर मुलांनी कोणाशी तरी बोलून दाखवलं तर ठीक. नाहीतर पुढच्या वर्षी ही खोली मला टेबल टेनिसला हवी आहे."

"दाखवतील की," भाऊजी म्हणाले.

घरी येताना बसचे तीन स्टॉप गेल्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "टेबल टेनिस." एखाद्या आजाराचं नाव घ्यावं तसं. निवृत्तीनंतर या माणसाकडे वर्षातला हा एकच आठवडा आहे, ज्यात कोणीतरी त्यांना काहीतरी विचारतं. हे मला माहीत होतं. म्हणूनच मी दरवर्षी कुरकुर करत का होईना, जाते.

शनिवारची सोय त्यांनी केलेली होती. त्यांचा एक मित्र आहे, दूरच्या एका बंदराजवळ राहणारा. दीपगृहावर नोकरी करायचा, म्हणून आमच्या घरात त्याचं नाव दीपगृहवाले. गेली सत्तावीस वर्षं हे दोघं रोज सकाळी दहाला रेडिओवर बोलतात. कधी भेटलेले नाहीत. शिबिराच्या आठवड्यात यंत्र शाळेत असतं, तेव्हा दहाची हाक तिथून. शनिवारी साडेदहाला दीपगृहवाले मुलांशी बोलणार, असं ठरलं होतं.

सोमवारी दहाला ते बोलले. मंगळवारी दहाला बोलले. दुपारी डब्यात सराव झाला. बुधवारी दहाला भाऊजींनी हाक मारली आणि कोणीच उत्तर दिलं नाही. त्यांना नाही, की त्यानंतर एकेक करून हाका मारणाऱ्या मुलांनाही नाही. काटा शून्यावर. मी लॉगमध्ये लिहिलं, 'खरखर: शून्य.'

"सूर्य," भाऊजी म्हणाले.

सूर्यावर मोठा भडका उडाला की पृथ्वीवरचे रेडिओ तास-दोन तास गप्प होतात, असं ते सांगतात, आणि ते खरं आहे म्हणे. त्यावर त्यांनी फळ्यावर चित्र काढून पाऊण तास घेतला. उलट त्या दिवशी ते खुशीत होते. किती शक्ती तारेत न जाता परत येते हे दाखवणारा एक काटा असतो. तो जितका खाली तितकी तार चांगली. बुधवारी तो पार तळाला टेकला होता. "अकरा वर्षांत तार इतकी चांगली लागली नव्हती," ते मला दोनदा म्हणाले. दोन्ही वेळा मी लिहून घेतलं.

नऊ जणांत एक मुलगी होती, दोन वेण्या आणि नाकावरून घसरणारा चष्मा. बाकीचे तिला चष्मेवाली म्हणत. ती फार बोलत नसे, पण वहीत सगळं लिहून घेई, म्हणून माझा तिच्यावर लोभ. बुधवारी दुपारी ती म्हणाली, "आजोबा, रेडिओ एकदम गप्प झालाय."

"म्हणजे?"

"काल नुसतं सूंऽऽ येत होतं. आज तेपण नाही."

"सोमवारीसुद्धा एवढाच आवाज होता," भाऊजी म्हणाले. "तुला भास होतोय. कान द्यायला शिका आधी."

बाकीची हसली. चष्मेवालीने वही मिटली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. मला राग आला, पण त्यांच्या हटवादीपणाचा राग मला चाळीस वर्षं येतोच आहे. त्यात नवं काही दिसलं नाही.

गुरुवारीही तेच. आता सूर्य पुरेना. मग त्यांनी संशय घेतला स्वयंपाकघरातल्या मिक्सरवर, मग शाळेच्या पंपावर, मग जादूच्या प्रयोगांवर. शेवटी शिडी मागवली. मी शिडी धरून उभी, वय शहात्तर, आणि वर एकाहत्तर वर्षांचा माणूस झाडाला बांधलेल्या तारेची गाठ सोडून पुन्हा बांधतो आहे.

"खाली उतरा, भाऊजी."

"घट्ट धरा."

"मी धरलीय. पण तुम्ही पडलात तर मी तुम्हाला धरू शकणार नाही, एवढं सांगून ठेवते."

"पडत नाही मी."

"तुमचे दादासुद्धा असंच म्हणायचे, आणि न्हाणीघरात पडले."

उतरल्यावर ते पायरीवर बसले आणि हाताला लागलेलं शेवाळ पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "त्याला काही झालं असेल का हो?"

दीपगृहवाल्यांबद्दल बोलत होते. दोन दिवस त्यांच्या डोक्यात हे होतं आणि सूर्य, मिक्सर, पंप सगळं वरवरचं होतं, हे मला तेव्हा समजलं.

"फोन करा की त्यांना."

"फोन?" ते माझ्याकडे असे बघत राहिले, की जणू मी पोलिसांना बोलवा म्हटलं होतं. "सत्तावीस वर्षांत कधी फोन केला नाही. त्याला काय वाटेल?"

चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेला माणूस. मी कपाळावर हात मारून घेतला नाही, कारण मुलं बघत होती.

शुक्रवारी दहाची हाकही रिकामी गेली. मुलं कंटाळून पंख्याच्या वेगावर पैजा लावत होती. मी उठले, शिबिराच्या कचेरीत गेले आणि फोन लावला. दीपगृहवाल्यांचा नंबर माझ्या डायरीत होता. यजमान गेले तेव्हा त्यांनी पत्र पाठवलं होतं, त्यावरून उतरवून घेतलेला. फोन त्यांनीच उचलला. आवाज ठणठणीत.

"वहिनी, मी रोज दहाला घसा फोडून हाका मारतोय," ते म्हणाले. "मंगळवारनंतर त्यांचाच पत्ता नाही. मी तर सुनेला म्हटलं, फोन करावा का? पण म्हटलं, त्यांना काय वाटेल."

दोन्हीकडे सारखीच शहाणी माणसं. मी फोन ठेवला आणि तिथेच बाकावर बसून लॉग उघडला. सोमवार, खरखर पाच. मंगळवार सकाळी पाच, दुपारी तीनला पाच. तीन चाळीस: स्विच डब्याकडे, सराव सुरू. चार वाजता शून्य. बुधवारी सहा वेळा शून्य, गुरुवारी सहा वेळा शून्य, शुक्रवारी दोनदा. प्रत्येक शून्य माझ्याच अक्षरात, गोल आणि सुबक. स्विच परत हवेकडे, असं मात्र कुठेही नव्हतं.

अडीच दिवस आम्ही सगळे त्या डब्याशी बोलत होतो. तार इतकी चांगली लागल्यासारखी दिसत होती, कारण ती लागलेलीच नव्हती. डब्यातून काहीही परत येत नाही. मुलांच्या नावांची पुठ्ठ्याची कार्डं यंत्रामागे उभी रचलेली होती आणि मागचा स्विच त्यांच्याआड दिसत नव्हता.

पण हे कळल्यावर माझ्या डोक्यात आलं ते वेगळंच. डब्यावर खरखर येत नाही. स्विच फिरला की खोली एकदम मुकी होते, हे रेडिओतलं ओ की ठो न कळणाऱ्या मलासुद्धा आता आठवलं. ज्या माणसाने आयुष्यभर ती खरखर ऐकली, त्याला ती गेलेली कळली नाही. चष्मेवालीला त्यांनी सांगितलं होतं, सोमवारीसुद्धा एवढाच आवाज होता. त्यांच्यापुरतं ते खरंच होतं. त्यांना सोमवारीही काही ऐकू येत नव्हतं. गेली काही वर्षं ते कानाने नाही, काट्यावरून रेडिओ चालवत होते. दीपगृहवाल्यांचा आवाज तेवढा जोरात येतो म्हणून भागत होतं. घरात मी बोललेलं त्यांना ऐकू जात नाही, याचं मला कधी नवल वाटलं नव्हतं. आमच्या घरातल्या कुठल्याच पुरुषाला ते कधी ऐकू गेलेलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत मुलं गेली. मी खोलीत एकटी होते. कार्डं बाजूला केली आणि स्विचला हात लावला. फिरवला असता तर काम झालं असतं. भाऊजी म्हणाले असते, बघा, सूर्य शांत झाला. शनिवार पार पडला असता, खोली राहिली असती, आणि त्यांना कधीच काही कळलं नसतं. मी बराच वेळ तशी उभी होते. मग मला मागच्या बाकावर वही मिटून बसलेली ती मुलगी आठवली. एकटीच्याच लक्षात आलं होतं, आणि तिलाच कान द्यायला शिक म्हणून सांगितलं गेलं. मी हात काढून घेतला.

भाऊजी हात धुऊन आले.

"दीपगृहवाले ठीक आहेत," मी म्हटलं. "मी फोन केला."

ते खुर्चीवर बसले. रुमालाने तोंड पुसलं. जरा जास्तच वेळ पुसलं.

"आणि स्विच डब्याकडे आहे."

ते वाकून बघत राहिले. "कधीपासून?"

"मंगळवार, तीन चाळीस."

"तुम्हाला कधी कळलं?"

"आत्ता."

"मग फिरवला का नाही?"

"तुम्ही फिरवा."

त्यांनी फिरवला. खोली खरखरीने भरून गेली. मला इतकी मोठी वाटली की मी दचकले. भाऊजी काट्याकडे बघत होते.

"ऐकू येतंय का?" मी विचारलं.

"पाचावर आहे."

"मी काट्याचं विचारलं नाही."

माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "कानाशी नेलं की येतं."

"किती दिवस झाले?"

"झाली तीन-चार वर्षं."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही."

"सांगितलं असतं तर तुम्ही डायरीत लिहिलं असतं."

लिहिलंच असतं. मी म्हटलं, "त्या पोरीला तुम्ही खोटं पाडलंत."

"हो," ते म्हणाले.

सुट्टी संपल्यावर त्यांनी चष्मेवालीला पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर स्विच दोनदा फिरवून दाखवला. "अडीच दिवस आपण डब्याशी बोलत होतो," ते म्हणाले. "चूक माझी. नऊ जणांत एकीच्या लक्षात आलं, आणि तिला मी वेड्यात काढलं. आता ती सांगेल, तिला काय ऐकू आलं नाही ते." ती आधी खूप लाजली. मग तिने इतकं नीट सांगितलं की मी जसंच्या तसं लॉगमध्ये उतरवलं.

शनिवारी पालकांनी खोली गच्च भरली. साडेदहाला चष्मेवालीने हाक मारली आणि दीपगृहवाले आले, स्वच्छ, मोठ्याने. पहिली पाच मिनिटं ते आपल्या गुडघ्याबद्दल बोलले. एका मुलाने विचारलं, दीपगृहात झोप कशी लागायची? ते म्हणाले, "लागू द्यायची नाही याचाच तर पगार होता, बाळा." पालक हसले. गुडघा संपल्यावर लाटांचं आलं, मग जहाजांचं, आणि आवाज मधूनमधून बारीक होऊ लागला. तेव्हा चष्मेवाली भाऊजींकडे वळून दीपगृहवाल्यांचं प्रत्येक वाक्य जरा मोठ्याने पुन्हा म्हणू लागली. भाऊजी उत्तर सांगत, ती बोले. तिला कोणी असं करायला सांगितलं नव्हतं. पालकांना ती शिकवण्याची पद्धत वाटली. नऊही मुलं बोलली.

शिबिराच्या बाईंना मात्र पद्धत वाटली नाही. त्यांनी मला पाण्याच्या टाकीजवळ गाठलं.

"काकांना ऐकू येत नाही ना?"

"कमी येतं," मी म्हटलं. खोटं बोलायची सवय नाही, आणि या वयात कुठे लावून घ्यायची.

"खोली मी देते, शब्द दिलाय. पण लायसन्सवाला माणूस शेजारी असल्याशिवाय मुलांना बोलता येत नाही, बरोबर? मग त्या माणसाला ऐकू नको का यायला? तुम्हीच सांगा, मी पालकांना काय सांगू?"

एवढ्यात भाऊजी तिथे आले. कितीसं ऐकलं देव जाणे, पण नेमकं ते ऐकलं. "बरोबर आहे तुमचं," ते बाईंना म्हणाले. "पुढच्या वर्षी लायसन्सवाला असा माणूस देतो, ज्याला टाचणी पडलेली ऐकू येते."

"कोण?"

त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मी तिथेच सांगितलं की मी शहात्तर वर्षांची आहे, विजेचं बटण सोडून मला विजेतलं काही कळत नाही, आणि माझ्या कॉन्व्हेंटमध्ये मुलींना विज्ञानाच्या तासाला भरतकाम होतं. बाईंनी ते आपल्या यादीवर लिहून घेतलं, म्हणजे माझं नाव. पुढे एक टिकही केली.

यंत्र घरी आलं त्या आठवड्यात भाऊजी कानाच्या डॉक्टरकडे गेले. मी नेलं असं मी म्हणते, मीच गेलो असं ते म्हणतात. कानातलं मशीन मिळालं. त्याच्या आतली रचना चुकीची आहे हे त्यांनी डॉक्टरला अर्धा तास समजावलं आणि बाहेर ताटकळलेल्या लोकांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. मशीन ते फक्त सकाळी दहाला लावतात. मी हाक मारते तेव्हा ते कपाटात असतं.

माझी लायसन्सची परीक्षा तीन महिन्यांवर आहे. मी कपडे वाळत घालत असते आणि भाऊजी मागे पुस्तक घेऊन उभे. "वहिनी, विरोध वाढला तर प्रवाहाचं काय होतं?" मी म्हणते, या घरात तरी विरोधाचा कशावरच परिणाम झालेला मी पाहिला नाही. ते उत्तर ते चूक धरतात. काल त्यांनी मला वीसपैकी नऊ दिले. त्यातले दोन मी भांडून मिळवले.